डावीकडची फुटकी नळी

माझ्या घरमालकीणबाईंना मिक्सरचा आवाज सहन होत नसे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई आवाजाच्या बाबतीत फार उदार होत्या. हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या त्या घरात मी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा त्यांनी नियमांचा एक कागद माझ्या हातात ठेवला. पहिला नियम चपलांचा नव्हता, पाहुण्यांचाही नव्हता. 'मिक्सर लावायचा नाही. चटणी हवी असल्यास खलबत्ता कपाटात आहे.' मी विचारलं, खलबत्त्याचा आवाज होत नाही का? एखाद्या ढ पण सुधारण्याजोग्या मुलीकडे बघावं तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"होतो की. पण त्याला चाल असते. मिक्सरला चारित्र्यच नसतं."

आणि मिक्सरचं चारित्र्य ज्यांना खटकत होतं, त्यांच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली एक अमेरिकन मसल कार उभी होती. आठ सिलिंडरचं इंजिन, पिकलेल्या जांभळाचा रंग, आणि लांबी अशी की गॅरेजचं दार लावायला बाईंना पोट आत घ्यावं लागे. ती सुरू झाली की वर माझ्या टेबलावरचा चमचा बशीत थुईथुई नाचायचा. याला मात्र नियमांच्या कागदात 'रविवार सकाळ' एवढंच म्हटलेलं होतं.

मी पहिल्या दिवशी त्यांना 'काकू' म्हणून बघितलं.

"काकू म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "काकू झालं की चहा विचारावा लागतो, लग्नाचं विचारावं लागतं. मला दोन्हीत रस नाही."

मग शाळेतल्यासारखं 'बाई'च राहिलं. वय साठीच्या अलीकडचं, केस आखूड, अंगात बाराही महिने तोच निळा स्वेटर. नवरा होता का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "होता," बाई म्हणाल्या. "फार हळू बोलायचा." विषय संपला.

पोटासाठी बाई आवाज मोजायच्या. कुठे रस्ता रुंद होणार असला, कुठे कारखाना येणार असला, की बाई तिपाईवर यंत्र मांडून उभ्या राहायच्या आणि लोकांची झोप मोडू नये म्हणून काय करावं याचा जाडजूड अहवाल लिहायच्या. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस हॉलंड शांत ठेवण्याचा पगार घ्यायचा आणि रविवारी त्याच हॉलंडची झोप उडवायची, असा त्यांचा समतोल होता. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्या जराही ओशाळल्या नाहीत. "गोंगाट कुणाचाही असतो. आवाज एकाचाच असतो. मी गोंगाट कमी करते," म्हणाल्या.

मूळच्या त्या इचलकरंजीच्या. घराच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना, दिवसरात्र खटखट. "आमच्याकडे माग चालू असताना माणसं गाढ झोपायची, आणि वीज गेली की दचकून उठायची," असं त्या सांगायच्या. असा माणूस नशिबाने अशा गल्लीत येऊन पडला होता, की रविवारी शेजारच्याने बटाटा सोलला तरी कळावं.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे. आमच्या गॅरेजच्या भिंतीपलीकडे त्यांचं स्वयंपाकघर होतं. निवृत्त गृहस्थ, उंच, वाळलेले. आयुष्य युट्रेख्टला आगगाड्यांची वेळापत्रकं करण्यात गेलेलं. बाई त्यांना नुसतं 'मेनेर' म्हणायच्या, आपल्याकडे 'साहेब' किंवा 'राव' म्हणतात तसं. मेनेर बाईंना पत्रं लिहायचे. हातभर अंतरावर राहणारा माणूस पोस्टाचं तिकीट लावून पत्र पाठवतो, याचं मला सुरुवातीला नवल वाटे. 'प्रिय शेजारीणबाई' अशी सुरुवात आणि खाली तक्ता: किती वाजून किती मिनिटांनी गाडी सुरू झाली, किती मिनिटं जागेवर धडधडली, कोपऱ्यावर किती वेळा जोरात गेली. प्रत नगरपालिकेला.

दुसरी कुणी बाई असती तर भांडली असती, नाहीतर घाबरली असती. आमच्या बाई ती पत्रं लाल पेनने तपासायच्या. 'खिडकी उघडी ठेवून मोजलेलं ग्राह्य धरत नाहीत. यंत्र भिंतीपासून किमान हातभर लांब हवं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं आहे, त्यात खर्ज येतच नाही. कृपया चांगला रेकॉर्डर घ्यावा.' आणि पत्र परत. मेनेर हाडाचे वेळापत्रकवाले. त्यांनी खरोखर चांगला रेकॉर्डर घेतला. बाईंनी त्यांना कुठला घ्यावा तेही कळवलं होतं. आपल्याविरुद्धचा पुरावा नीट गोळा व्हावा म्हणून एवढी काळजी घेणारी व्यक्ती मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

मी राहायला गेले त्याच्या दोनच महिने आधी मेनेरांच्या पत्नीला डेल्फ्टच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात हलवलं होतं. विस्मरणाचा आजार. मेनेर रोज सायकलने जायचे, तिला जेवू घालायचे, परत यायचे. पत्रं मात्र कमी झाली होती. बाईंच्या हे लक्षात आलं होतं, पण त्याचं श्रेय त्या रेकॉर्डरला देत होत्या.

त्या हिवाळ्यात बाईंनी गाडीचा एग्झॉस्ट बदलायला काढला. मी एकदा सवयीने 'सायलेन्सर' म्हणाले.

"सायलेन्सर म्हणजे गप्प करणारा. आपल्याला गप्प करायचं नाहीये. नीट बोलायला शिकवायचंय."

गोष्ट एवढीशी असते. इंजिनाच्या दोन बाजूंनी धूर बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या, मध्ये त्यांना जोडणारा एक तुकडा, आणि शेवटी आवाज गाळणारे दोन डबे. जुन्या नळ्या गंजल्या होत्या. बाईंनी त्या उतरवून परसातल्या खोपटामागे टाकल्या, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि नव्याची निवड सुरू केली. माणसं मुलगी बघायला जातात, तेव्हा निदान कांदेपोहे मिळतात. मला बाईंच्या स्वयंपाकघरात, डोळ्यांवर पंचा बांधून, इंटरनेटवरचे इंजिनांचे आवाज ऐकत बसावं लागे. डोळे का बांधायचे, हे बाईंनाच ठाऊक. एकेक आवाज झाला की मी वर्णन सांगायचं आणि बाई लिहून घ्यायच्या.

"म्हैस पाण्यात बसल्यासारखा," मी वैतागून म्हणाले.

"बसलेली का बसताना?"

"बसलेली."

"छान. लिहिलं."

कारखान्यातून यायचा तसला साधा डबा त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. त्याचा आवाज 'सरकारी' होता. आत कप्पे असलेला डबा घशातून बोलायचा. काचेची लोकर भरलेली सरळ नळी नुसती आरडाओरडा करायची. शेवटी एक लांबट, स्टेनलेस स्टीलचा संच सापडला. त्याचा आवाज लागला तेव्हा मी पंच्याखालूनही गप्प झाले. गाभाऱ्यात कुणीतरी हळूच ओंकार लावावा आणि त्याला कुठेही जायची घाई नसावी, तसा तो आवाज होता. बाईंनी तो सात वेळा ऐकला. मग मधला जोडतुकडा इंग्रजी एचच्या आकाराचा घ्यायचा की एक्सच्या, यावर तीन आठवडे गेले. माझ्या पीएचडीच्या विषयावर मी एवढा विचार केला नव्हता. माझ्या गाईडचंही तेच मत होतं.

अखेर एक्स ठरला. अमेरिकेहून तीन लांबलचक खोकी आली, ती नेमकी करोनामुळे सगळं बंद व्हायच्या आठवड्यात. पोहोचवणाऱ्याने ती दारात टाकली, घंटा वाजवली आणि रोगी बघितल्यासारखा पळत सुटला. खोकी आतल्या बोळात मांडली गेली. न्हाणीघरात जायचं तर तिरकं होऊन जावं लागे. आणि मग बाईंच्या मनात आलं, की नळी अडीच इंची मागवली ते चुकलंच. सव्वादोन इंचीच बरी होती.

"उघडून तरी बघू या?" मी म्हटलं.

"उघडलं की परत घेत नाहीत."

खोकी बंद राहिली. देशही बंद होता. डेल्फ्टची माझी प्रयोगशाळा बंद झाली. दुकानांतून टॉयलेट पेपर नाहीसा झाला. ती बातमी वाचून बाई त्या काळात एकदाच मनापासून हसल्या. "आपलं काय अडलंय!" विमानं थांबली, मोठा रस्ता ओस पडला. बाईंनी परसात तिपाई लावून मोजणी केली आणि आकडा बघून यंत्र दोनदा तपासलं. आयुष्यभर जिच्यासाठी अहवाल लिहिले ती शांतता एकदाची आली होती, आणि बाईंनी जेवण टाकलं. ताट पुढे घेऊन बसायच्या, दोन घास खायच्या, उठायच्या. "धडधडतंय गं," म्हणायच्या. "वीज गेल्यासारखं वाटतंय."

एप्रिलमध्ये एके सकाळी मेनेरांनी घंटा वाजवली आणि मोजून दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. बाईंनी दार उघडलं. मी मागे जिन्यावर होते.

"गाडी घोड्यांवर आहे," बाई डचमध्ये म्हणाल्या. त्यांची डच भाषा अस्सल इचलकरंजीच्या चालीत चालायची. "तीन महिने सुरू झालेली नाही. आता कसली तक्रार?"

"तीच तक्रार आहे," मेनेर म्हणाले.

बाईंनी दार पूर्ण उघडलं.

"माझ्या पत्नीकडे आत जाऊ देत नाहीत," मेनेर म्हणाले. "कुणालाच नाही. नर्स तिच्यापुढे टॅब्लेट धरते, मी त्यातून बोलतो. माझी पत्नी तो टॅब्लेट पुसते. तिला वाटतं, काचेवर डाग पडलाय. मग मी खाली हिरवळीवर उभा राहतो, सायकलची घंटा वाजवतो. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. ती खिडकीकडे पाठ करून बसते. पाच आठवडे झाले, तिने मला बघितलेलं नाही. नर्स सांगते, ती कुणाशीच बोलत नाही."

"घंटा बंद काचेतून जात नाही," बाई म्हणाल्या. हे त्यांचं सांत्वन.

"म्हणूनच आलो. तुम्हाला ती पत्रं यायची... ती लिहायचो मी, पण सांगायची ती. मला स्वतःला तुमच्या गाडीचं फारसं काही वाटत नव्हतं. ती मात्र एकही रविवार विसरायची नाही. तुमची गाडी सुरू झाली की ती हातातलं टाकून उठायची." ते ताठ उभे राहिले. "माझी विनंती आहे, की तुम्ही माझ्या पत्नीला पुन्हा एकदा त्रास द्यावा."

मला हसू आलं होतं. मेनेरांचा चेहरा बघून ते जिथल्या तिथे विरलं.

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडची रेकॉर्डिंग आणा. सगळी."

दुसऱ्या दिवशी पायरीवर एक पेनड्राइव्ह आला, स्पिरिटने पुसलेला, सोबत तक्त्यांची फाइल. बाई दोन दिवस कानाला हेडफोन लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. चेहरा उतरलेला.

"डावीकडची नळी फुटकी होती गं. दर थोड्या वेळाने एक फुसका आवाज येतोय. खोकल्यासारखा. मी इतकी वर्षं गाडीत बसून होते, मला कधी कळलंच नाही. बाहेरच्याला ऐकू येत होतं."

"म्हणजे तक्रार बरोबर होती?"

"तक्रार बरोबर होती. मोजमाप चुकीचं होतं."

मला वाटलं, प्रश्न सुटला. बोळातली खोकी उघडायची, नवा संच लावायचा, निघायचं. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या बाईला अडीच इंच काय नि सव्वादोन काय! मी तसं म्हणाले.

"तुझ्या आईचा खोकला आणि शेजारणीचा खोकला तुला वेगळा कळत नाही?" बाईंनी विचारलं. "हा नवा आवाज चांगला आहे. चांगल्या आवाजाचा कुणाला राग येतो?"

आणि मग, तीन महिने जगातले सगळे एग्झॉस्ट ऐकून झाल्यावर, आम्ही दोघी परसात ओणव्या होऊन खोपटामागचं भंगार उपसायला लागलो. एका डब्यात गोगलगायींचा संसार होता. दुसऱ्याचा बाईंनी भोपळ्याच्या वेलाला टेकू दिला होता. एका पोलिश वेल्डरकडे सगळं नेलं. बाईंनी त्याला कागदावर आकृती काढून दिली: इथे जोड, इथे ठिगळ, आणि डावीकडच्या नळीतलं हे भोक आहे तसंच राहिलं पाहिजे, कडा गुळगुळीत करायच्या नाहीत. वेल्डरने आकृती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली.

"भोक ठेवायचं?"

"ठेवायचं."

"बाई, मी भोकं बुजवतो. तेच माझं काम आहे."

"यावेळी राखायचं," बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि माझ्या वाट्याचं पिठलंही.

पहिली फेरी फसली. मेनेर पुढे सायकलवर आणि व्लीट कालव्याच्या कडेने त्यांच्या मागे आमची जांभळी गाडी, सायकलच्या वेगाने. शर्यतीतला घोडा कुणी वरातीला जुंपावा तशी ती कुरकुरत होती. वृद्धाश्रमाच्या हिरवळीशी बाईंनी गाडी उभी केली आणि पेडल दाबलं. खिडक्याखिडक्यांतून म्हातारे जमा झाले. एका आजोबांनी कडक सलाम ठोकला. एका आजींनी रुमाल हलवला. तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसऱ्या खिडकीत, पांढऱ्या केसांचा एक अंबाडा पाठमोरा होता तसाच राहिला. बाईंनी आणखी दाबलं. अंबाडा ढिम्म. मेनेर सायकलचा दांडा धरून वर बघत होते. बाईंनी इंजिन बंद केलं, आणि थोड्या वेळाने आम्ही आल्या वाटेने परत निघालो.

घरासमोर मेनेरांनी खिशातून वही काढली.

"चूक आपली झाली," ते म्हणाले. "आपण चालती गाडी घेऊन गेलो. घरी गाडी आधी बंद असायची. दहा बावन्नला सुरू. चार मिनिटं जागेवर. मग दोनदा जोरात, आणि मग तुम्ही जायचात. तिचा राग गाडी येण्यावर नव्हता, गाडी सुरू होण्यावर होता."

बाईंनी वही हातात घेऊन बघितली. इतकी वर्षं लाल पेनने तपासलेले तेच तक्ते. "नोंदी उत्तम आहेत," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कधी ऐकली नव्हती, आणि मेनेरांना ती कळलीही असावी, कारण ते लाल झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. गाडी बंद करून बसलो. हिरवळीवर कावळा चालला तरी कळत होतं. दहा बावन्नला बाईंनी गाडी सुरू केली आणि जागेवर धडधडू दिली. डावीकडची नळी खोकली. वर काही हललं नाही. एक मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटाला तो अंबाडा किंचित वर झाला. तिसऱ्या मिनिटाला ती बाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, वळली, आणि तरातरा खिडकीशी आली. मूठ काचेवर आपटली. मागून नर्स धावली, तिने वरची झडप उघडली, आणि तीन मजल्यांवरून खणखणीत आवाज आला:

"बंद कर ते धूड!"

मेनेर जागच्या जागी थिजले. तिने त्यांना बघितलं.

"आणि तू काय खांबासारखा उभा आहेस? जा, सांग जाऊन तिला!"

मेनेर आमच्याकडे वळले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. "ती चिडली," ते म्हणत होते. "बघितलंत? ती चिडली." मग त्यांनी बायकोची आज्ञा पाळली. दीड मीटर अंतर राखून गाडीच्या खिडकीशी आले, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि अधिकृत सुरात म्हणाले, "शेजारीणबाई, कृपा करून गाडी बंद करा."

"नाही," बाई म्हणाल्या, आणि दोनदा जोरात पेडल दाबलं.

मग ते दर बुधवारी आणि रविवारी ठरून गेलं. वर खिडक्यांत आधीच खुर्च्या लावलेल्या असायच्या. नर्सने आम्हाला वरून ओरडून सांगितलं, की बाकीचे आजी-आजोबा आता सकाळचा चहा दहा पन्नासला मागतात. एका आजोबांनी मात्र लेखी तक्रार केली, आवाज पुरेसा मोठा नाही म्हणून. बाईंनी ती तक्रार फ्रिजवर लावली.

मी त्या वर्षीच्या शरद ऋतूत आइंडहोव्हनला नोकरी धरली आणि ते घर सोडलं. जिथे गेले तिथे यंत्रं इतकी नाजूक, की बाजूने कुणी जोरात चाललं तरी चालत नाही. निरोपाला बाई दारापर्यंतही आल्या नाहीत. खलबत्ता तेवढा माझ्या बॅगेत घालून ठेवला होता. बोळातली खोकी त्यांनी पुढे युट्रेख्टच्या एका माणसाला विकली, न उघडताच. नवा संच लागल्यावर त्याने आपणहून बाईंना फोन केला, की आवाज अप्रतिम आहे. बाईंनी त्याला फोन नळीशी धरायला लावला, शेवटपर्यंत ऐकलं, "एक्सच बरोबर होता," म्हणाल्या आणि फोन ठेवला. हे त्यांनीच मला सांगितलं. एवढा जीव टाकून निवडलेली वस्तू दुसऱ्याला का दिली, हे मी विचारलं नाही, कारण जूनमधल्या त्या सकाळी मी गाडीत त्यांच्या शेजारीच बसलेली होते.

वृद्धाश्रमाची दारं तेव्हा नुकती उघडली होती. घरचं एकच माणूस, वेळ ठरवून. मेनेर टाय लावून आले होते, हातात स्ट्रॉबेरीचा डबा. आदल्या दिवशीच त्यांनी बाईंचे रीतसर आभार मानून सांगितलं होतं, की आता गाडीची गरज पडणार नाही. बाई म्हणाल्या, आम्हाला तसंही त्याच रस्त्याने वेल्डरकडे जायचंय, नवा एग्झॉस्ट लावायला, वाटेत थांबू. तीन खोकी मागच्या सीटवर आडवी घातली होती, त्यांची टोकं खिडकीबाहेर.

आम्ही गाडी बंद करून बसलो. तिसऱ्या मजल्यावर दोघं दिसत होती. ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, डबा उघडला. तिने एक स्ट्रॉबेरी घेतली. मग आणखी एक.

"बघ, झालं," बाई म्हणाल्या. "सुटलो एकदाचे."

थोड्या वेळाने मेनेर बाहेर आले. हातात रिकामा डबा. चालत आमच्या खिडकीशी आले आणि नेहमीच्या अंतरावर थांबले.

"झाली भेट?" बाईंनी विचारलं.

"झाली. छान झाली. तिने सगळ्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या. हवापाण्याचं बोलली." त्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं. "मला 'तुम्ही' म्हणत होती."

बाईंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"मग नर्सला म्हणाली, हे गृहस्थ फार चांगले आहेत, पण यांना आता जाऊ दे. माझा नवरा खाली येऊन उभा असेल. त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही."

मग बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वेल्डरला फोन लाव. येत नाही म्हणून सांग."

मी फोन लावला. मेनेर हिरवळीवर जाऊन आपल्या जागेवर उभे राहिले, टाय सैल केला आणि मान वर केली. बाईंनी किल्ली फिरवली. तिसऱ्या मजल्यावर ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली.